पदवीधरांचें ख्रिस्ती मंडळ : चार भिंती कीं उघडें दार ?

(पदव्युत्तर वर्गांतील ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



श्रद्धा, अभ्यास आणि बंधुभाव या तीन गोष्टींवर चार शब्द बोलावे अशी आपल्या मंडळाची आज्ञा झाली. या तिन्ही शब्दांची स्तुति करीत तास काढणें सोपें आहे. पण शेतकरी बियाण्याची स्तुति ऐकून तें विकत घेत नाहीं. गेल्या सालीं कोणाच्या वावरांत काय पिकलें, हें तो आधीं विचारतो. आम्हीहि तोच मार्ग धरतों. शिकलेल्या तरुणांनीं कॉलेजाच्या आवारांत एकत्र बसून प्रार्थना केली, पुस्तकें वाचलीं, एकमेकांस भाऊ म्हटलें, त्याचें पीक काय आलें, याचा एक खरा हिशेब आज आपणांपुढें ठेवतों. पेरणी झाली अमेरिकेंत. पण पिकाचा मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राच्या पदरांत पडला, आणि तो खाणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेच अधिक आहेत.

१८०६ सालच्या ऑगस्ट महिन्यांतली गोष्ट. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत विल्यम्स कॉलेज म्हणून एक लहानसें कॉलेज आहे. तेथील पांच विद्यार्थी प्रार्थनेसाठीं एका कुरणांत जमले होते. पाऊस व विजा सुरू झाल्या, तेव्हां त्यांनीं गवताच्या गंजीचा आडोसा धरला. तेथें त्यांचें बोलणें आशिया खंडावर आलें, कारण वर्गांत त्या खंडाचा भूगोल चालू होता. सॅम्युएल मिल्स नांवाच्या विद्यार्थ्यानें, आपण तिकडे जाऊन सुवार्ता कां सांगूं नये, असा प्रश्न टाकला. पांचांपैकीं एकानें हरकत घेतली कीं, आधीं त्या मुलखांत सुधारणा झाली पाहिजे, मग धर्म. वाद झाला, प्रार्थना झाली, पाऊस ओसरला आणि मुलें घरीं गेलीं. इतकीच ती गोष्ट. अमेरिकेंत तिला ‘गंजीची प्रार्थना’ म्हणतात आणि १८६७ सालीं त्या जागीं एक स्मारकस्तंभहि उभा राहिला.

बंधूंनो, यांत नीट पाहण्यासारखें एक आहे. ती प्रार्थना भूगोलाच्या धड्यांतून निघाली. अभ्यास एका खोलींत व देव दुसऱ्या खोलींत अशी वाटणी त्या मुलांनीं केली नव्हती. नकाशावर जो देश वर्गांत पाहिला, त्यांतल्या माणसांचें आपण कांहीं लागतों काय, हा प्रश्न त्यांनीं प्रार्थनेंत विचारला. आमच्या मतें विद्यार्थ्याच्या श्रद्धेची पहिली खूण हीच आहे. जी श्रद्धा पुस्तकाला भिते ती दुबळी, आणि जें पुस्तक वाचून दुसऱ्याच्या दुःखाचा प्रश्न मनांत उठत नाहीं तें वाचणें फुकट.

१८०८ सालीं याच मुलांनीं ‘ब्रदरन’, म्हणजे बंधुमंडळ, नांवाचें एक गुप्त मंडळ काढलें. त्याचे नियम सांकेतिक लिपींत लिहिले होते. लोक आपणांस वेडे म्हणतील, ही त्यांची भीति. पुढें यांतले कांहीं जण पदवी घेऊन अँडोव्हर येथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत गेले. हें विद्यालय १८०८ सालीं सुरू झालें. कॉलेजाचें शिक्षण पुरें करून आलेल्यांस तेथें तीन वर्षें हिब्रू, ग्रीक व धर्मशास्त्र शिकवीत. आज आपण ज्याला पदव्युत्तर अभ्यास म्हणतों, त्याचाच तो एक आरंभीचा नमुना होय. तेथें विल्यम्सचे मिल्स व गॉर्डन हॉल, ब्राउनचे जडसन, हार्वर्डचे न्यूवेल, युनियन कॉलेजचे नॉट असे निरनिराळ्या कॉलेजांचे पदवीधर एका बांकावर आले. १८११ सालीं त्यांनीं एक चौकशी-मंडळ स्थापलें. परक्या देशांची माहिती जमविणें, तेथून येणारीं पत्रें व पुस्तकें वाचणें, निबंध लिहून त्यांवर चर्चा करणें, असें त्याचें काम. गुप्त मंडळाला हें उघडें भावंड मिळालें, आणि आमच्या मतें खरें काम उघड्या मंडळानेंच पुढें नेलें.

१८१० च्या जून महिन्यांत या विद्यार्थ्यांनीं ब्रॅडफर्ड गांवीं भरलेल्या धर्मोपदेशकांच्या सभेपुढें अर्ज ठेवला कीं, आम्हांस परदेशीं धाडा. अर्जावर सहा जणांच्या सह्या व्हावयाच्या होत्या. पण एवढी संख्या पाहून वडील मंडळी दचकतील म्हणून दोन नांवें गाळून चारच ठेवलीं! त्या अर्जांतून ‘अमेरिकन बोर्ड’ ही मिशनरी संस्था निघाली. म्हणजे धर्माच्या पुढाऱ्यांनीं तरुणांस जागें केलें नाहीं. तरुणांनीं पुढाऱ्यांस जागें केलें. जातांना हॉल व न्यूवेल यांनीं फिलाडेल्फियास राहून कांहीं वैद्यकहि शिकून घेतलें, कारण नुसत्या ग्रीक भाषेनें आजारी माणसाचा ताप उतरत नाहीं, हें त्यांस कळत होतें.

१८१२ च्या फेब्रुवारींत हे पदवीधर निघाले. कलकत्त्यास पोंचतांच कंपनी सरकारनें त्यांस देशाबाहेर जाण्याचा हुकूम केला. व्यापाऱ्यांच्या राज्याला पाद्री नको होते. रयतेच्या मनांत चलबिचल झाली तर तिजोरीला धोका! न्यूवेल यांची तरुण पत्नी हॅरिएट वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं मॉरिशस बेटावर वारली. जडसन यांचें मत वाटेंत बदललें. ते बॅप्टिस्ट झाले व ब्रह्मदेशास गेले. हॉल व नॉट हे दोघे ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस उतरले. तेथेंहि परत पाठवणीचा हुकूम उभाच होता. ते कोचीनपर्यंत निसटले, पुन्हां धरून आणले गेले आणि गव्हर्नर नेपियन यांच्यापुढें अर्जावर अर्ज करीत राहिले. शेवटीं त्यांस राहण्याची परवानगी मिळाली. त्याच वर्षीं कंपनीच्या सनदेंतहि पाद्र्यांस मोकळीक देणारें कलम आलें.

आतां पिकाकडे या. हॉल मराठी शिकले, नव्या कराराच्या भाषांतराला लागले, शाळा घातल्या. १८१७ सालीं मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत मराठी छपाई सुरू झाली. १८२४ सालीं त्यांनीं मुंबईंत मुलींची शाळा उघडली. १८२६ च्या मार्च महिन्यांत हॉल नाशिक-त्र्यंबकेश्वराकडे गेले असतां तेथें पटकीची साथ होती. जवळचें औषध होतें तेवढें त्यांनीं रोग्यांस वांटलें, आणि परततांना त्याच पटकीनें वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं ते वारले. न्यूवेल त्यांच्या आधीं, १८२१ सालीं, पटकीनेंच गेले होते. गंजीखालीं बसलेला जेम्स रिचर्ड्स १८२२ सालीं सिलोनांत वारला. ज्यानें पहिला प्रश्न टाकला तो मिल्स तर आशियाला पोंचलाच नाहीं. १८१८ सालीं आफ्रिकेहून परततांना समुद्रावर त्याचा अंत झाला. बंधुभावाच्या गोड गप्पा करणाऱ्यांनीं ही यादी ध्यानांत ठेवावी. त्या मुलांचा बंधुभाव चहाच्या पेल्यावर संपणारा नव्हता.

पुढें १८२७ सालीं याच संस्थेनें सिंथिया फेरार नांवाची एक अविवाहित शिक्षिका मुंबईस धाडली. या बाईंनीं आधीं मुंबईंत व नंतर अहमदनगरास मुलींच्या शाळा चालविल्या. त्यांची अहमदनगरची शाळा जोतीराव फुले यांनीं पाहिली आणि परत येऊन १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढली. १८५३ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत आलेल्या निवेदनांत जोतीरावांनीं अहमदनगरच्या या प्रेरणेचा उल्लेख केला आहे. सावित्रीबाईंनीं अध्यापनाचें शिक्षण फेरारबाईंच्या संस्थेंत घेतलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. तें ‘ज्ञानोदय’ पत्रहि १८४२ सालीं अहमदनगरास याच मिशननें सुरू केलें होतें. मिशनच्या छापखान्यांत लहानपणीं टाइप घासण्याच्या कामाला लागलेला जावजी दादाजी हा गरीब घरचा मुलगा पुढें १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढतो, आणि हजारों वर्षें मूठभरांच्या पोटांत दडलेलीं संस्कृत पोथ्यापुराणें छापून बाजारांत ठेवतो !

म्हणून आम्ही म्हणतों कीं, पांच विद्यार्थ्यांच्या त्या बैठकीचें फळ महारवाड्यांतल्या, माळवाड्यांतल्या, मराठ्यांच्या व शिंप्यासोनारांच्या घरांतल्या मुलींपर्यंत पोंचलें. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत. त्यांनीं आपला सत्यशोधकाचा मार्ग स्वतंत्रपणें काढला. पण ज्याच्याकडून दिवा मिळाला त्याचें ऋण त्यांनीं लपविलें नाहीं. देणाऱ्यानें धर्मांतराची अट घातल्यावांचून दिवा दिला, म्हणून तो घेणाऱ्याच्या हातांत टिकला.

पण हिशेब म्हटला कीं, खर्चाची बाजूहि वाचली पाहिजे. हे तरुण शूर होते, तसे आपल्या काळाचे गर्विष्ठहि होते. ज्यांच्याकडे जावयाचें ते लोक अंधारांतच आहेत असें त्यांनीं घरीं बसून ठरविलें होतें. आमच्या संतांनीं चारशें वर्षें ज्या भाषेंत देवाशीं भांडण केलें, त्या भाषेंत त्यांस आधीं नुसतें अज्ञान दिसलें. पुढें १८५४-५५ सालीं अमेरिकेहून शिष्टमंडळ येऊन, इंग्रजी शाळा आवरत्या घ्या व देशी भाषेंत धर्मोपदेशावर भर द्या, असें धोरण त्यानें लावलें. देशी भाषेचा अभिमान आम्हांसहि आहे. परंतु कचेरीचें दार इंग्रजीच्या किल्लीनें उघडत असतां ती किल्ली गरिबाच्या मुलाच्या हातून काढणें हें कोणत्या बंधुभावांत बसतें? उच्च वर्णीयांस ती दुसरीकडे मिळतच होती. पदवीधरांनीं हा धडा विसरूं नये. दुसऱ्याचें हित दुरून ठरविणारा मनुष्य कितीहि प्रार्थनाशील असला, तरी चुकतो; ज्याचें हित त्याला आधीं विचारावें लागतें.

दुसरा एक दाखला देतों. अँडोव्हरचें विद्यालय कां निघालें ठाऊक आहे काय ? १८०५ सालीं हार्वर्ड येथें धर्मशास्त्राच्या अध्यापकाच्या जागीं एकेश्वरी, म्हणजे युनिटेरियन, मताचा मनुष्य नेमला, त्याचा राग येऊन जुन्या मताच्या लोकांनीं हें वेगळें घर बांधलें. एकेश्वरी लोक येशूला गुरु मानतात, देव मानीत नाहींत. म्हणून अँडोव्हरच्या दृष्टीनें ते बुडालेलेच. आतां गंमत पाहा. १९०१ सालीं जमखंडीचा एक मराठा पदवीधर इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत तौलनिक धर्माचा अभ्यास करावयास गेला. त्याला तेथें घेऊन जाणारे हेच एकेश्वरी ख्रिस्ती. तो तरुण म्हणजे विठ्ठल रामजी शिंदे. ज्या ऑक्सफर्डांत १८७१ च्या कायद्यापर्यंत अँग्लिकन मताखेरीज इतरांस फेलोच्या जागा बंद होत्या, तेथें या बंडखोर ख्रिस्त्यांनीं आपलें कॉलेज नेलें आणि दाराशीं कोणाचें मत तपासलें नाहीं. प्रार्थनासमाजाचा हा विद्यार्थी ख्रिस्ती सहाध्यायांबरोबर दोन वर्षें राहिला, शिकला, जेवला, प्रार्थनेस बसला. १९०३ सालीं तो परत आला तो प्रार्थनासमाजीच परत आला. पण १९०६ सालीं मुंबईस त्यानें अस्पृश्यवर्गासाठीं निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली, आणि १९३३ सालीं ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ लिहिला.

एकमेकांस पाखंडी म्हणणारीं दोन ख्रिस्ती विद्यालयें. आणि दोहोंच्या अंगणांतून निघालेली वाट शेवटीं आमच्या मागासलेल्या वस्तीच्या दाराशीं आली. कोणाचें मत बरोबर होतें हा वाद पंडितांनीं करावा. आम्ही इतकेंच पाहतों कीं, दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनीं आपलें मंडळ आपल्यापुरतें ठेवलें नाहीं.

आतां तुमच्याकडे वळतों. पदव्युत्तर विद्यार्थ्याचें जिणें एकाकी असतें. कॉलेजांतल्या मुलाला वर्ग असतो, सोबती असतात. प्रबंध लिहिणाऱ्याला एक टेबल, एक मार्गदर्शक आणि घरून येणारा ‘केव्हां संपणार?’ हा प्रश्न. तुमच्यांतले कितीतरी जण घराण्यांतले पहिले पदवीधर आहेत. आईबापांस तुमच्या विषयाचें नांवहि सांगतां येत नाहीं, आणि वसतिगृहांत आडनांव ऐकून पुढचा मनुष्य मनांत कांहींतरी मोजतो. अशा वेळीं आठवड्यांतून एकदां बायबल उघडून चार जणांनीं बसावें, एकमेकांचें सुखदुःख विचारावें, यांत कमीपणा कसला ? ती तुमची भाकरी आहे. जो तिला कमकुवत मनाचा आधार म्हणून हंसतो, त्याला स्वतःचा आधार कुठें आहे हें कळलेलें नसतें.

परंतु भाकरी एकट्यानें खाण्याची वस्तु नव्हे. आमच्या देशांत कोणतेंहि मंडळ दोन पिढ्यांत जात होऊन बसतें. ख्रिस्ती समाजहि यांतून सुटला नाहीं. एकाच देवळांत पूर्वाश्रमीच्या जातींप्रमाणें बांक वांटलेले, सोयरिकीला जुनीं कुळें धुंडाळलेलीं, दफनभूमींतहि वेगळे कोपरे, हें या देशांत घडलेलें आहे. प्रभूच्या मेजावर एक पेला व घरच्या मेजावर दोन, अशी ही रीत. तुमच्या मंडळांत येणाऱ्याला त्याचें मूळ गांव व आडनांव विचारण्यामागें जर हा हेतु असेल, तर तें मंडळ आजच मोडा. त्यांत देव येणार नाहीं.

आणि एक कठीण गोष्ट उघड बोलतों. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींचा हक्क हिंदूंपुरता ठेवला. १९५६ सालीं तो शिखांस मिळाला, १९९० सालीं बौद्धांस मिळाला. ख्रिस्ती झालेला दलित मात्र बाहेरच राहिला. देऊळ बदललें तरी गांवानें त्याची वस्ती बदलली नाहीं, पण कागदानें त्याची जात पुसली. म्हणून कोणी विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या अर्जावर एक लिहितो व रविवारीं दुसरीकडे बसतो. त्याला ढोंगी म्हणणें फार सोपें आहे, विशेषतः ज्याची फी बापानें भरली त्याला. आम्ही म्हणतों, त्या मुलाला लाज लावूं नका. त्याच्यावर ही पाळी आणणाऱ्या कायद्याचा अभ्यास करा. तुमच्यांत कायद्याचे, समाजशास्त्राचे, अर्थशास्त्राचे संशोधक आहेत. खेड्यांत जा, पाणवठा पाहा, मजुरी मोजा, आंकडे जमवा, लिहा. अँडोव्हरच्या चौकशी-मंडळानें सहा हजार कोसांवरच्या लोकांची चौकशी केली. तुम्हांस आपल्या पाठीमागच्या बांकावर बसलेल्याची करतां येणार नाहीं काय? आणि केवळ ख्रिस्ती दलितापुरतें थांबूं नका. बिनख्रिस्ती भावाच्या ताटांतला घांस कमी करून आपला वाढवावा, असें मागणें मागूं नका. ताटच मोठें करा म्हणा.

मग करावें काय ? आम्ही तीन साधीं कामें सुचवितों.

पहिलें, तुमच्या बैठकींत दर वेळीं एक खुर्ची बाहेरच्याची ठेवा. तो हिंदु असो, बौद्ध असो, मुसलमान असो कीं देवच न मानणारा असो. त्याला बाटविण्यासाठीं बोलावूं नका, ऐकण्यासाठीं बोलवा. शिंद्यांना ऑक्सफर्डांत अशी खुर्ची मिळाली होती.

दुसरें, आठवड्याचे दोन तास कनिष्ठ वर्गांतल्या गरीब मुलांस द्या. इंग्रजी, गणित, शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेशपरीक्षा, ज्याला जें येत असेल तें शिकवा. शिकवतांना त्याचा धर्म विचारूं नका. फेरारबाईंच्या वर्गाचें फळ कोणत्या घरांत पिकणार आहे, हें फेरारबाईंनाहि आधीं ठाऊक नव्हतें.

तिसरें, आपला अभ्यास मराठींत आणा. जें इंग्रजींत लिहितां त्यांतलें चार पानें तरी आईला वाचून दाखवितां येईल असें लिहा. परदेशचा पदवीधर येऊन आमची भाषा शिकला व तींत छापून गेला. आपल्याच घरच्या पदवीधराला ती अवघड वाटावी ही शरमेची गोष्ट आहे.

१८९५ सालीं स्वीडनांत व्हाडस्टेना येथें जगांतल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा संघ स्थापन झाला. १९१२ सालीं हिंदुस्थानांतहि विद्यार्थी ख्रिस्ती चळवळ उभी राहिली. नांवें, घटना, अध्यक्ष, चिटणीस यांची वाण कधींच नव्हती. वाण असते ती एका प्रश्नाची : आपण येथें बसलों आहों तर बाहेर कोण भिजतो आहे ? गंजीच्या आडोशाला बसलेल्या मुलांनीं हा प्रश्न विचारला, म्हणून दोनशें वर्षांनींहि त्यांचें नांव घेतां येतें. आडोसा तर त्या दिवशीं गुरांनींहि घेतला असेल.

श्रद्धा तुम्हांस धीर देवो, अभ्यास तुम्हांस डोळे देवो, आणि बंधुभाव तुम्हांस दाराबाहेर काढो, इतकेंच मागून आम्ही आपली रजा घेतों.